डी५ वरचे प्यादे : रेक्याविकच्या सहाव्या डावाची उकल

२३ जुलै १९७२ रोजी आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव सुरू झाला. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या बॉबी फिशरने त्या दिवशी पहिल्या चालीला राजापुढचे प्यादे हलवले नाही. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे त्याने दोन घरे पुढे सारले. बुद्धिबळ न जाणणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. जाणणाऱ्यांना मात्र तो धक्का होता, कारण राजापुढचे प्यादे हीच सर्वोत्तम सुरुवात आहे असे फिशर उघडपणे म्हणत असे आणि अपवाद वगळता तसाच खेळत असे. त्याच्या या सवयीच्या आधारावरच प्रतिस्पर्ध्याच्या गोटात अनेक महिन्यांची तयारी झाली होती. पुढच्या काही चालींत स्पष्ट झाले की फिशरला ‘क्वीन्स गॅम्बिट’ खेळायचे आहे आणि जगज्जेता बोरिस स्पास्की त्याला आपल्या हुकमी बचावाने, म्हणजे तार्ताकोवर पद्धतीने, उत्तर देणार आहे.

हा डाव सुंदर आहे असे सगळेच म्हणतात, पण तो सुंदर का आहे हे नवख्या वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. त्यात वजिराचे बलिदान नाही, राजाचा पटभर पाठलाग नाही, आणि शेवटी मात होण्याआधीच डाव सोडून दिलेला आहे. माझ्या मते या डावाचे मर्म पटावरच्या एका प्याद्यात आणि त्याने राखलेल्या दोन घरांत आहे. ते कळले की बाकीच्या चाली आपोआप उलगडतात. शक्य असल्यास पट मांडून बसावे. पांढऱ्याच्या बाजूने पाहता उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच अशी अक्षरे आणि आडव्या रांगांना खालून १ ते ८ असे आकडे असतात, एवढे लक्षात ठेवले तरी काम भागेल.

प्रथम या सुरुवातीविषयी. पाश्चात्त्य खेळात आपल्या वजिराच्या जागी राणी असते, म्हणून ‘क्वीन्स गॅम्बिट’ हे नाव. मराठीत त्याला वजिराचा गॅम्बिट म्हणता येईल. पांढरा डी४ आणि सी४ या घरांवर प्यादी आणतो, काळा डी५ वर प्यादे उभे करतो, आणि सी४ वरचे प्यादे काळ्याला जणू फुकट देऊ केले जाते. गॅम्बिट म्हणजे काहीतरी मिळवण्यासाठी प्यादे पणाला लावणे. येथे मात्र पणाला फारसे काही लागत नाही, कारण काळ्याने ते प्यादे खाल्ले तरी पांढरा ते बहुतेक वेळा परत मिळवतो, आणि दरम्यान काळ्याचे डी५ वरचे ठाणे उठलेले असते. म्हणून सावध खेळाडू ते प्यादे घेत नाही. तो ई६ वर दुसरे प्यादे ठेवून डी५ ला जोर देतो. यालाच ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’ म्हणजे नाकारलेला गॅम्बिट म्हणतात. हा बचाव किती प्रतिष्ठित होता याची कल्पना १९२७ च्या ब्युनोस आयर्स येथील जगज्जेतेपदाच्या लढतीवरून येते: कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यातील ३४ डावांपैकी ३२ डाव याच सुरुवातीने खेळले गेले. प्रेक्षकांची दया येते.

या भक्कमपणाची किंमत मात्र चुकवावी लागते. ई६ वर प्यादे आले की सी८ घरातल्या काळ्या उंटाचा रस्ता बंद होतो. उंट तिरका चालतो, आणि त्याच्या तिरक्या वाटेवर स्वतःचेच प्यादे धोंड होऊन बसलेले असते. नाकारलेल्या गॅम्बिटचा शंभरेक वर्षांचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी या कोंडलेल्या उंटाला बाहेर कसे काढावे याचाच इतिहास आहे. इमान्युएल लास्करने मोहऱ्यांची मारामारी करून जागा मोकळी करण्याचा मार्ग दाखवला. (याच लास्कर बचावाने विश्वनाथन आनंदने २०१० मध्ये सोफिया येथे तोपालोवविरुद्धचा बारावा, शेवटचा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकून जगज्जेतेपद राखले, बचाव म्हणजे केवळ बरोबरीची याचना, असा समज असणाऱ्यांनी तो डावही पाहावा.) सावेली तार्ताकोवरचा उपाय निराळा होता. ई६ ची वाट बंद असेल तर बी६ वर प्यादे सारून बाजूचे दार उघडावे आणि उंटाला बी७ वरून बाहेर काढावे. पुढे मकोगोनोव आणि बोंदारेव्स्की या सोव्हिएत खेळाडूंनी ही पद्धत घासूनपुसून घेतली, म्हणून काही ठिकाणी तिला तिघांचीही नावे जोडतात. यातला इगोर बोंदारेव्स्की हा स्पास्कीला १९६९ मध्ये जगज्जेता करणारा प्रशिक्षक. म्हणजे स्पास्कीला हा बचाव घरचाच होता.

लढतीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी आजवर गरजेपेक्षा जास्त लिहिले गेले आहे. पहिला डाव फिशर हरला, दुसऱ्याला तो आलाच नाही आणि तो गुण स्पास्कीला मिळाला. तिसऱ्या डावात फिशरने स्पास्कीला आयुष्यात प्रथमच हरवले, चौथा बरोबरीत सुटला, पाचवा पुन्हा फिशरने जिंकला. सहाव्या डावाला दोघे बसले तेव्हा गुण अडीच-अडीच असे समान होते.

आता डाव. सातव्या चालीला स्पास्कीने बी६ खेळून तार्ताकोवर पद्धत जाहीर केली. त्यावर फिशरने आठव्या ते दहाव्या चालीत डी५ वर मारामारी करून दोन्हीकडचा एक-एक घोडा आणि काळ्या घरांवरचा एक-एक उंट पटावरून उतरवला. या मारामारीअखेर काळ्याचे ई६ वरचे प्यादे डी५ वर आले आणि कोंडलेल्या उंटाची वाट मोकळी झाली. ज्या अडचणीसाठी बी६ खेळले होते ती अडचण प्रतिस्पर्ध्यानेच दूर केली, असे येथे वाटू शकते. तसे ते खरेही आहे, पण बी६ ही चाल आता मागे घेता येत नाही आणि तिची खूण काळ्याच्या प्याद्यांच्या रचनेवर राहते. बुद्धिबळात बाकी सर्व मोहरे मागे फिरू शकतात. प्याद्याला परतीची वाट नाही.

फिशरने हत्ती सी१ वर आणि वजीर ए४ मार्गे ए३ वर आणला. ही ए३ ची जागा नीट पाहावी. तेथून एक तिरकी रेघ बी४, सी५, डी६ करीत ई७ वरच्या काळ्या वजिरापर्यंत जाते. काळ्याने सी५ वर प्यादे आणले होते ते या रेघेवरच उभे होते, म्हणून ते बाजूला सरकले की मागचा वजीर उघडा पडणार. अशा प्याद्याला जखडलेले प्यादे म्हणतात: ते पटावर असते, पण त्याला हलण्याची मुभा नसते.

चौदाव्या चालीला फिशरने उंट बी५ वर ठेवला. स्पास्कीने ए६ खेळून त्याला हुसकावण्याचा प्रयत्न केला, पण फिशर हललाच नाही. उंट तसाच सोडून त्याने सी५ वरचे प्यादे खाल्ले. उंट खाता येत नव्हता, कारण ए६ वरचे प्यादे तिरके गेले असते तर ए पट्टी उघडली असती आणि ए३ वरच्या वजिराने ए८ वरचा बिनजोर हत्ती उचलला असता. एकाच घरात बसून वजीर एकाच वेळी दोन प्यादी जखडून ठेवत होता, एक तिरक्या रेघेवर आणि एक सरळ. स्पास्कीने मग सी५ वरचे प्यादे बी६ वरच्या प्याद्याने परत मारले, आणि येथे या डावाचा खरा विषय पटावर अवतरला.

काळ्याची सी५ आणि डी५ ही दोन प्यादी आता शेजारी-शेजारी उभी होती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर, म्हणजे बी आणि ई वर, काळ्याचे एकही प्यादे नव्हते. अशा जोडीला लटकती प्यादी म्हणतात. प्याद्याला सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा जोर दुसऱ्या प्याद्याचाच असतो. तो नसला की हत्ती, वजीर, घोडा यांना पहारेकरी म्हणून उभे राहावे लागते. लटकत्या जोडीला मागून प्याद्याचा जोर मिळण्याची शक्यता नसते, म्हणून ती दुबळी. पण एवढेच खरे असते तर कोणताही शहाणा खेळाडू ती पत्करता ना. ही दोन प्यादी शेजारी उभी असेपर्यंत त्यांच्यापुढची बी४, सी४, डी४ आणि ई४ ही चारही घरे त्यांच्या माऱ्यात असतात. प्यादे चालते सरळ पण खाते तिरके, त्यामुळे डी५ वरचे प्यादे सी४ आणि ई४ राखते, तर सी५ वरचे बी४ आणि डी४. पटाच्या मध्यावर शत्रूचा मोहरा निवांत बसू शकत नाही. जोडी शेजारी असते तोवर ती भिंत असते. त्यातले एक पाऊल पुढे गेले की तिला खिंडार पडते आणि ते पुन्हा बुजत नाही. लटकत्या प्याद्यांविरुद्धचा सगळा खेळ म्हणूनच एका प्रश्नावर येऊन थांबतो: त्यातले एक पुढे जाईल अशी परिस्थिती कशी निर्माण करायची?

फिशरचे उत्तर दोन टप्प्यांचे होते. अठराव्या चालीला त्याने घोडा डी४ वर, म्हणजे सी५ वरच्या प्याद्याच्या थेट माऱ्यात, आणून ठेवला. ते प्यादे जखडलेले असल्यामुळे घोडा खाता येत नव्हता. स्पास्कीने वजीर एफ८ वर नेऊन त्याला जोर मिळवला, तेव्हा फिशरने घोड्याने, आता मोकळा होऊन ई६ वर आलेला काळा उंट मारला आणि स्पास्कीला तो एफ७ वरच्या प्याद्याने परत मारावा लागला. या अदलाबदलीकडे वरवर पाहता काळ्याचाच फायदा दिसतो. ई६ वर प्यादे आले, डी५ ला अखेर प्याद्याचा जोर मिळाला, प्यादी आता लटकती राहिली नाहीत. परंतु तो जोर राजापुढून काढून आणलेला होता. एफ पट्टीवरचे काळे प्यादे नाहीसे झाले, आणि ज्या उंटासाठी सातव्या चालीपासून एवढा खटाटोप झाला तो उंटच आता पटावर नव्हता.

विसाव्या चालीला फिशरने ई४ खेळले. मला या डावातली सर्वांत महत्त्वाची चाल हीच वाटते, शेवटचे हत्तीचे बलिदान नव्हे. ई४ वरच्या प्याद्याने डी५ वर सरळ प्रश्न टाकला. काळ्याने ते खाल्ले असते तर तात्पुरते एक प्यादे मिळाले असते, पण ई पट्टीवर एकामागे एक अशी दोन पोरकी प्यादी आणि सी५ वर तिसरे, असा संसार मागे उरला असता. सी५ वरचे प्यादे सी४ वर ढकलण्याचाही मार्ग होता. त्याने डी४ घर पांढऱ्याच्या हाती गेले असते, पण बी५ वरून ई२ वर परतलेल्या पांढऱ्या उंटाचा रस्ता तरी अडला असता, आणि पुढे काही विश्लेषकांनी हाच पर्याय बरा मानला. स्पास्कीने तिसरा मार्ग घेतला आणि डी५ वरचे प्यादे डी४ वर नेले.

ही चाल दिसायला वाईट नाही. प्यादे पुढे गेले, त्याला सी५ चा जोर आहे, त्याच्या वाटेत पांढऱ्याचे कोणतेही प्यादे नाही. डावाच्या अखेरच्या टप्प्यात असे प्यादे वजीर होण्याची स्वप्ने पाहते. परंतु ते डी५ वर असताना ज्या दोन घरांवर पहारा करीत होते, ती सी४ आणि ई४ ही घरे त्या क्षणी मोकळी झाली. आता पुढचा डाव पाहावा. तेविसाव्या चालीला पांढरा उंट सी४ वर येऊन बसला आणि त्याला तेथून हाकलणारे काळ्याकडे काहीच उरले नव्हते. सदतिसाव्या चालीला पांढरा वजीर ई४ वर आला आणि तेथूनच अखेरचा घाव बसला. काळ्याने सोडलेल्या दोन घरांवर पांढऱ्याचे दोन मोहरे बसले. डावाची कथा वाटल्यास येथेच संपली असे म्हणता येईल.

मधल्या चालींतला वेग मात्र अनुभवण्यासारखा आहे. फिशरने एफ४ आणि ई५ खेळून राजाच्या बाजूची प्यादी पुढे लोटली. त्या बाजूला त्याची चार प्यादी होती आणि काळ्याची ई, जी आणि एच ही तीनच. चोविसाव्या चालीला, इतका वेळ ए३ वर ठाण मांडून बसलेला वजीर तिसऱ्या रांगेवरून एका झेपेत पटाच्या दुसऱ्या टोकाला, एच३ वर गेला. काळ्याचे हत्ती तेव्हा ए७ आणि बी८ वर होते, म्हणजे जेथे लढाई संपली होती तेथे. मग पांढऱ्याचे एफ५, प्याद्यांची मारामारी, आणि एफ पट्टीवर एकामागे एक असे दोन पांढरे हत्ती. तिसाव्या चालीतले एच४ हे साधे प्यादे पुढे सारण्याचे कारणही समजून घ्यावे: एच७ वर बसलेल्या काळ्या घोड्याला जी५ हे एक घर बाहेर पडायला उरले होते, तेही बंद झाले. पुढच्याच चालीला पांढऱ्याचे ई६. आता हे प्यादे काळ्याच्या घशात हाडासारखे अडकले आणि त्याला रोखण्यासाठी ई७ वर हत्ती खिळून बसला.

येथून पुढे स्पास्कीची अवस्था किती बिकट होती हे सांगायला विश्लेषणाची गरज नाही; त्याच्या चाली मोजल्या तरी पुरे. बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या या पाच चालींत त्याने दुसरा एकही मोहरा हलवला नाही. वजीर ई८ वर, मग डी८ वर, परत ई८, परत डी८, परत ई८. हलवण्यासारखे काही नव्हते आणि खेळात आपली पाळी सोडता येत नाही. समोर फिशर घाई न करता एकेक मोहरा नेमक्या घरी लावत होता: वजीर ई५ वर, ए४ वर प्यादे म्हणजे त्या बाजूला काही हालचालच नको, एक हत्ती एफ३ वर, उंट डी३ वर. त्याला शेवटची चाल आधीपासून दिसत असावी, अशी शंका येण्याइतका तो निवांत होता.

सदतिसावी चाल वजीर ई४. उंट आणि वजीर आता एकाच तिरक्या रेघेवर, एच७ च्या दिशेने. धमकी अशी होती की हत्ती एफ८ वर जाऊन शह देईल, तो घोड्याने मारला की दुसरा हत्ती पुन्हा एफ८ वर, तो काळ्या वजिराने मारला की एच७ वर पांढऱ्या वजिराची मात. ती टाळण्यासाठी स्पास्कीने घोडा एफ६ वर आणला आणि फिशरने क्षणाचाही विचार करावा लागू नये अशी चाल केली: हत्तीने घोडा मारला. हत्तीची किंमत साधारण पाच प्याद्यांची आणि घोड्याची तीन, असे शिकवले जाते. तो व्यवहार येथे निरर्थक होता, कारण हत्तीच्या बदल्यात राजापुढचा शेवटचा आडोसा नाहीसा झाला. त्यानंतर उंट पुन्हा सी४ वर, वजीर एफ४ वर, आणि एकेचाळिसाव्या चालीला, एफ८ वर हत्ती येऊन वजीर जाणार हे दिसताच, स्पास्कीने डाव सोडला.

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या टाळ्यांत स्पास्कीही सामील झाला. जगज्जेता रंगमंचावर उभा राहून आपल्याला हरवणाऱ्याला दाद देतो आहे, हे दृश्य फिशरलाही अनपेक्षित होते. ज्याने पाच चाली वजीर दोनच घरांत फिरवत आपला पराभव येताना पाहिला, त्यालाच त्या डावाची बांधणी सर्वांत जवळून दिसली असणार. फिशर या डावानंतर लढतीत प्रथमच आघाडीवर गेला आणि ती त्याने पुन्हा गमावली नाही. १ सप्टेंबर रोजी साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जगज्जेतेपद त्याचे झाले.

या पराभवाने तार्ताकोवर बचाव बाद झाला का? तसे झाले नाही, आणि हा भाग मला डावाइतकाच आवडतो. फिशरची चौदावी चाल, उंट बी५, ही त्याची स्वतःची नव्हती. १९७० मध्ये सेमियन फुरमनने ती येफिम गेलरविरुद्ध खेळली होती. हा गेलर म्हणजे रेक्याविकमध्ये स्पास्कीचा सहायक. १९७३ मध्ये हिल्व्हर्सम येथे तरुण डच खेळाडू यान तिम्मनने गेलरविरुद्ध तीच चाल केली, बहुधा फिशरचा डाव डोळ्यांपुढे ठेवून. गेलरने ए६ खेळून उंटाला हुसकावले नाही. त्याने वजीर बी७ वर आणला आणि सी५ वरचे, म्हणजे लटकत्या जोडीतलेच एक प्यादे, पांढऱ्याला घेऊ दिले. रेक्याविकला ज्याची राखण करता-करता स्पास्कीचे सगळे मोहरे बांधले गेले, ते ओझेच गेलरने उतरवून ठेवले. पाठोपाठ त्याने घोडा ए६ वर आणून उंटापुढे ठेवला. तिम्मनने तो मारला, गेलरच्या वजिराने उंट परत मारला, आणि ए६ वरून त्या वजिराची नजर तिरकी थेट एफ१ घरावर गेली. पांढऱ्याने तोवर कॅसलिंग, म्हणजे राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची चाल, केलेले नव्हते, आणि त्या घरावर मारा असेपर्यंत राजाच्या बाजूला ते करताही येणार नव्हते. एक प्यादे जास्त असलेल्या पांढऱ्याचा राजा मधोमध अडकला, आणि तो डाव गेलरने जिंकला.